आहेस का?

१९७१च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत एकच मोठा संगणक अनेक संशोधक वाटून वापरत. कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवरच्या त्या इमारतीत कामाला ठरलेली वेळ नव्हती. कोणी रात्रभर बसे, कोणी दुपारी उगवे. या घटकेला संगणकावर कोण कोण आहे याची यादी एका आज्ञेसरशी पडद्यावर येई, पण ती वाचायला किचकट होती. प्रयोगशाळेचा कारभार पाहणारे लेस अर्नेस्ट यांनी एक गोष्ट हेरली. लोक पडद्यावर बोट ठेवत, ते ओळीओळीने खाली नेत आणि हव्या त्या माणसाचं नाव हुडकत. अर्नेस्ट यांनी त्यांच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'फिंगर'.

फिंगर माणसाचं पूर्ण नाव सांगे, तो कुठल्या टर्मिनलवर बसला आहे ते सांगे आणि त्याने शेवटची कळ दाबून किती वेळ झाला तेही सांगे. म्हणजे नाव यादीत आहे पण माणूस जागेवरून उठून गेलाय, एवढंही कळे. मग काही जणांनी मागणी केली की आम्ही जागेवर का नाही, केव्हा परतू, अवेळी कुठे सापडू, हे आम्हालाच लिहून ठेवता यावं. त्यातून 'प्लॅन' नावाची फाइल आली. पुढे युनिक्सवरचा फिंगर आणखी एक गोष्ट दाखवू लागला: या माणसाने आलेलं टपाल वाचलंय का, आणि नसेल तर ते केव्हापासून पडून आहे.

आपल्या फोनवरचं 'ऑनलाइन', 'लास्ट सीन', निळी टिक आणि नावाखालची ती एक ओळ, या सगळ्यांची बीजं तिथे आहेत. मेसेजिंगचा इतिहास बहुधा निरोपांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. निरोप तारेने जात, पोस्टकार्डाने जात. चाळीत दाराबाहेरच्या चपला पाहून माणूस घरात आहे हे कळतं, तसं शेकडो मैलांवरून कळू लागणं ही खरी नवलाई होती. आणि तेव्हापासून एक प्रश्न या इतिहासाची पाठ सोडत नाही. ही हजेरी मांडायची कोणी, माणसाने स्वतः की यंत्राने त्याच्या परस्पर?

पुढे फिंगरची विचारणा नेटवर्कवरून दुसऱ्या गावच्या संगणकाकडेही करता येऊ लागली. १९७७ साली तिचे नियम लेखी झाले. विद्यापीठांचं ते जग लहान होतं आणि ओळखीच्या माणसांचं होतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने सोडलेला 'वर्म' इंटरनेटभर पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. तो आत शिरला त्यातली एक वाट फिंगरच्या सर्व्हरमधल्या चुकीची होती. पुढच्या काळात अनेक संस्थांनी फिंगर बंदच करून टाकला. कोणीही यावं आणि कोणाचीही हजेरी विचारावी, हा मोकळेपणा संपला.

नव्वदच्या दशकात इंटरनेट घरांत शिरलं ते टेलिफोनच्या तारेतून. मोडेम लावायचा, तासाभरात काम उरकायचं, तार मोकळी करायची. त्यामुळे दोन मित्र एकाच वेळी जोडलेले असणं हा योगायोगच असे आणि तो घडला तरी दोघांनाही पत्ता लागत नसे. तेल अवीवच्या अरिक वार्दी, याइर गोल्डफिंगर, सेफी विगिसर आणि अम्नोन अमीर या चार तरुणांनी नेमकी ही अडचण धरली. त्यांच्या मिराबिलिस कंपनीने नोव्हेंबर १९९६मध्ये 'आयसीक्यू' आणलं. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, मित्रांची यादी पडद्याच्या कडेला उभी राही आणि मित्र जोडला गेला की त्याच्या नावापुढचं फूल हिरवं होई.

आयसीक्यूची हजेरीची भाषा मला आजही सगळ्यात श्रीमंत वाटते. आहे, जरा बाहेर आहे, बराच वेळ नाही, कामात आहे, अजिबात त्रास देऊ नका, गप्पांना मोकळा आहे, आणि आहे पण दिसणार नाही, इतक्या छटा तिथे होत्या आणि त्या वापरणारा स्वतः निवडत असे. कोणाला यादीत घ्यायचं तर त्याची संमती मागायची सोयही होती. म्हणजे १९८८च्या धक्क्याने शिकवलेली गोष्ट इथे रचनेतच उतरली होती.

त्याच सुमारास अमेरिकेत एओएल कंपनीच्या बॅरी ॲपलमन आणि सहकाऱ्यांनी आपल्या ग्राहकांसाठी 'बडी लिस्ट' केली आणि १९९७ साली तिच्यातून 'एम' हा सगळ्यांसाठी फुकट मेसेंजर निघाला. मित्र आला की दार उघडल्याचा आवाज, गेला की दार मिटल्याचा. जागेवर नसताना दिसणारा 'अवे मेसेज' हा अमेरिकन कॉलेजकुमारांचा रोजच्या लिखाणाचा छंदच झाला: कुठे चाललोय, कशावर चिडलोय, कोणाची आठवण येतेय. जून १९९८मध्ये एओएलने मिराबिलिसही विकत घेतली, २८ कोटी ७० लाख डॉलर रोख मोजून आणि पुढच्या कामगिरीवर आणखी रक्कम देण्याच्या बोलीने.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. घरी संगणक फार थोड्यांकडे, म्हणून पुण्या-मुंबईची आणि पाठोपाठ नाशिक-कोल्हापूरची पोरं सायबर कॅफेत जाऊ लागली. प्लायवूडच्या आडोशात तासावर पैसे मोजून याहू मेसेंजर उघडायचा आणि यादीतला करडा चेहरा पिवळा व्हायची वाट बघायची. एमएससाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मुलांनी आई-वडिलांना आधी ईमेलने वेळ कळवायची, मग शेजारच्या कोणा मुलाने त्यांना कॅफेत न्यायचं, मग टाइप करायचं 'आहेस का?' आणि पलीकडून 'आहे गं' उमटलं की सगळ्यांनी एकदम पडद्याकडे झुकायचं. परदेशी फोनचे दर ज्यांनी भरले आहेत त्यांना त्या दोन शब्दांची किंमत वेगळी सांगायला नको.

हे सगळं वाढत असताना कंपन्यांना कळून चुकलं होतं की मित्रांची यादी ज्याच्याकडे, माणूस त्याच्याकडे. जुलै १९९९मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर काढला तो एओएलच्या वापरकर्त्यांशीही बोलू शकेल असा. एओएलने ती वाट बंद केली. मायक्रोसॉफ्टने पुन्हा उघडली, एओएलने पुन्हा बंद केली. त्या कामावर असलेले मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर डेव्हिड ऑअरबाख यांनी २०१४ साली ही हकिगत सविस्तर लिहिली आहे. एका वेळी तर एओएलने स्वतःच्याच प्रोग्राममधल्या एका त्रुटीचा उपयोग करून समोरचा खरा एओएलचा आहे की तोतया, हे ओळखायला सुरुवात केली होती, असं ते सांगतात. काही महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. परिणाम असा की एकाच्या मित्राला दुसऱ्याच्या यादीत जागा नाही, ही रीत पडली.

तिला विरोध करणारी माणसंही तेव्हाच उभी होती. १९९९ साली जेरेमी मिलर यांनी 'जॅबर' हा खुला प्रकल्प जाहीर केला, ज्यात ईमेलप्रमाणे कोणाचाही सर्व्हर कोणाच्याही सर्व्हरशी बोलू शकेल. फेब्रुवारी २०००मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने हजेरी म्हणजे काय याचा एक आराखडाच प्रसिद्ध केला. त्यात पाहिला जाणारा आणि पाहणारा असे दोन पक्ष वेगळे मांडले आहेत, आणि कोण कोण पाहतंय ही माहितीसुद्धा पुरवता येईल अशी तरतूद आहे. ती तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. पाहणाऱ्याचीही नोंद असावी, हा विचार तेव्हा तंत्रज्ञांच्या मनात होता. आज कोट्यवधी लोक वापरतात त्या ॲपमध्ये आपलं 'लास्ट सीन' कोण किती वेळा बघून गेलं, हे आपल्याला कळत नाही.

मोबाइलने ही सगळी घडी विस्कटली. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने व्होडाफोनच्या जाळ्यावरून नाताळच्या शुभेच्छांचा पहिला एसएमएस पाठवला. १६० अक्षरांचा हा निरोप केंद्रात साठून राही आणि फोन चालू झाला की पोचे. त्यात हजेरी नव्हतीच. पलीकडचा जागा आहे की झोपला आहे, हे पाठवणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. आपल्याकडे लोकांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला. 'खाली आलास की मिस्ड कॉल दे', 'पोचलीस की मिस्ड कॉल दे'. एक पैसाही खर्च न होता हजेरी लागे, आणि ती लावायची की नाही हे देणाऱ्याच्या हातात असे.

टोकियोत राहणाऱ्या नीरज झांजी या भारतीय तरुणाने मात्र मोबाइलवर हजेरीच आधी आणायची असं ठरवलं. जपानात १९९९ साली 'आय-मोड' ही फोनवरची इंटरनेट सेवा सुरू झाली होती. तिच्यावर झांजी यांनी 'इमाहिमा' काढलं: मी कुठे आहे, मोकळा आहे का, एवढंच मित्रांना सांगायचं आणि जवळ असेल त्याने भेटायला यायचं. २००१ साली ऑस्ट्रियातल्या आर्स इलेक्ट्रॉनिका पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. मोबाइल हजेरीच्या इतिहासात झांजी यांचं नाव आज फारसं घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं. २००५ साली ब्लॅकबेरीच्या मेसेंजरने निरोप पोचला याची एक खूण आणि वाचला याची दुसरी खूण रोजच्या वापरात आणली. पण त्यासाठी दोघांकडेही ब्लॅकबेरी लागे.

मग यान कूम आले. कूम १९७६ साली युक्रेनमध्ये जन्मले. टेलिफोनवर सरकार ऐकत असेल या धास्तीने आई-वडील फोनवर मोजकंच बोलत, अशा घरात ते वाढले. सोळाव्या वर्षी आईबरोबर अमेरिकेत माउंटन व्ह्यूला आले, सरकारी मदतीच्या कूपनांवर दिवस काढले, पुढे याहूत नोकरीला लागले. २००७मध्ये ते आणि त्यांचे सहकारी ब्रायन ॲक्टन याहूतून बाहेर पडले. दोघांनीही फेसबुककडे नोकरी मागितली आणि दोघांनाही नकार मिळाला. जानेवारी २००९मध्ये कूम यांनी आयफोन घेतला. फोर्ब्स मासिकात पार्मी ओल्सन यांनी २०१४ साली लिहिलेल्या वृत्तांतात पुढची कथा येते. कूम यांनी ॲलेक्स फिशमन या मित्राला आपल्या फोनमधली नावांची यादी दाखवली आणि सांगितलं की प्रत्येक नावापुढे त्या माणसाची अवस्था दिसायला हवी: फोनवर आहे, बॅटरी संपत आलीय, जिममध्ये आहे. २४ फेब्रुवारी २००९ रोजी, स्वतःच्या वाढदिवशी, त्यांनी कंपनीची नोंदणी केली. नाव ठेवलं व्हॉट्सॲप.

म्हणजे व्हॉट्सॲप जन्मलं ते निव्वळ हजेरीचं ॲप म्हणून. त्यात निरोप पाठवायची सोयच नव्हती. सुरुवातीला ते सारखं बंद पडे आणि वापरणारे म्हणजे मुख्यतः फिशमन यांचे रशियन मित्र. कूम सोडून द्यायच्या बेतात होते. आणखी काही महिने थांब, असं ॲक्टन यांनी त्यांना सांगितलं. जून २००९मध्ये ॲपलने बंद ॲपलाही फोनवर सूचना झळकवायची मुभा दिली. कूम यांनी लगेच ती वापरली: कोणी आपली ओळ बदलली की त्याच्या सगळ्या ओळखीच्यांच्या फोनवर टिंग वाजे. आणि मित्र त्या ओळीतूनच बोलू लागले. एकाने लिहावं आज उठायला उशीर झाला, दुसऱ्याने स्वतःची ओळ बदलून लिहावं मी निघालोय. कूम हे घरी बसून बघत होते. हजेरीच्या चौकटीतून लोकांनी आपणहून संभाषण काढलं होतं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी निरोपांची सोय घातली आणि वापरणारे अडीच लाखांवर गेले.

यश मिळालं त्याची कारणं साधी आहेत. वेगळं नाव नको, पासवर्ड नको. फोन नंबर हीच ओळख आणि फोनमधली यादी हीच मित्रांची यादी. ॲक्टन यांनी जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, क्लृप्त्या नाहीत अशा अर्थाची चिठ्ठी लिहून दिली होती आणि ती कूम यांच्या टेबलावर असे. शिवाय ते महागड्या फोनांपुरतं न ठेवता नोकियाच्या साध्या फोनांवरही आणलं गेलं, आणि भारताच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक ठरली. आपल्याकडे सणासुदीला एसएमएसच्या सवलती बंद होत आणि दिवाळीच्या शुभेच्छांना पूर्ण दर पडे. नकोशा जाहिरातींना आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०११मध्ये एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादाही घातली. ती पुढे वाढवली गेली, आणि जुलै २०१२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी निरोपांपुरती रद्दही केली. तोवर कॉलेजातली पोरं व्हॉट्सॲपवर गेली होती. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर त्यांचे आई-वडील आणि आजी-आजोबाही गेले. २०१९मध्ये कंपनीने भारतातल्या वापरकर्त्यांचा आकडा ४० कोटींवर सांगितला.

या प्रवासात 'ऑनलाइन' असण्याचा अर्थच बदलला, आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही असं मला वाटतं. आयसीक्यूच्या काळी ऑनलाइन म्हणजे माणूस मेजाशी बसला आहे, बोलायला आला आहे. फोन तर चोवीस तास जोडलेलाच. म्हणून व्हॉट्सॲपने ऑनलाइन ठरवलं ते ॲप उघडं आहे का यावरून. ॲप पडद्यावर आलं की फोन सर्व्हरला कळवतो, बाजूला गेलं की ती वेळ 'लास्ट सीन' म्हणून नोंदली जाते. माणूस काहीच सांगत नाही, त्याच्या बोटांच्या हालचालीवरून यंत्र सांगतं. नोव्हेंबर २०१४मध्ये वाचल्याची निळी टिक आली तेव्हा इतका गदारोळ झाला की ती बंद करायची सोय पाठोपाठ द्यावी लागली. त्याच वर्षी जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकही निरोप न वाचता, केवळ या हजेरीच्या नोंदींवरून माणसाची दिनचर्या काढता येते आणि तो कोणाशी बोलत असावा याचाही अंदाज बांधता येतो. एप्रिल २०१६मध्ये निरोपांना दोन्ही टोकांपर्यंतचं कुलूप लागलं. मात्र ते निरोपातल्या मजकुराला होतं. हजेरी ओळखीच्यांना पूर्वीसारखीच दिसत राहिली.

हे लिहिताना दुसरी बाजूही तितकीच खरी आहे हे मी विसरत नाही. नाशिकची आई सकाळी फोन उघडते, न्यू जर्सीतल्या मुलाच्या नावाखाली 'ऑनलाइन' बघते आणि लिहिते, 'अरे, झोपला नाहीस अजून? जेवलास का?' तिला काही विचारायचं नसतं. तो आहे, एवढं तिला पुरतं. बंगळुरात नोकरीला गेलेल्या मुलीचं 'लास्ट सीन' रात्री उशिराचं दिसलं की बाबा निश्चिंत होतात, की ती घरी पोचली असणार. ही काळजी खरी आहे. आणि तीच नोंद संशयी नवऱ्याच्या किंवा पाळत ठेवणाऱ्या साहेबाच्या हाती पडली की तिचा जाच होतो, तोही खरा आहे.

ओळखीच्या नंबरवरून आलं म्हणून विश्वास ठेवण्याची सवय आणखी भयंकर ठिकाणी घेऊन गेली. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा २०१८च्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होत्या. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. देशात अशा घटना इतरत्रही घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ती जगभर लागू केली. तंत्राची ही दुरुस्ती योग्य होती. पण जीव घेणारे हात माणसांचे होते, त्यांची जबाबदारी कुठल्याही ॲपवर ढकलता येत नाही.

कंपनीचं काय झालं ते थोडक्यात सांगता येईल. फेब्रुवारी २०१४मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरना घेतलं. वापरणारे तेव्हा ४५ कोटी होते आणि कर्मचारी ५५. ज्या सरकारी मदत कचेरीच्या रांगेत कूम एके काळी उभे राहिले होते, त्या इमारतीच्या दारावर कागद टेकवून त्यांनी सही केली. फेब्रुवारी २०१७मध्ये, आठव्या वाढदिवशी, व्हॉट्सॲपने नावाखालची ती मूळ ओळच काढून टाकली आणि 'स्टेटस' म्हणजे चोवीस तासांत पुसली जाणारी चित्रं असं ठरवलं. लोकांनी तक्रारी केल्या, मार्चमध्ये ओळ परत आली. ॲक्टन २०१७मध्ये बाहेर पडले, त्यांनी 'सिग्नल'च्या प्रतिष्ठानला पाच कोटी डॉलर दिले. कूम २०१८मध्ये गेले. आपण या क्षणी ऑनलाइन आहोत हे लपवायची सोय व्हॉट्सॲपने जाहीर केली ती ऑगस्ट २०२२मध्ये, म्हणजे आयसीक्यूने अदृश्य व्हायचं बटण दिलं होतं त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने.

जुनी दारं एकेक करून मिटली. एम डिसेंबर २०१७मध्ये, याहू मेसेंजर जुलै २०१८मध्ये, सर्वसामान्यांसाठीचा ब्लॅकबेरी मेसेंजर मे २०१९मध्ये, आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी. १९९९ सालचं भांडण मात्र मिटलं नव्हतं; ते युरोपने कायद्याने सोडवायला घेतलं. डिजिटल बाजारपेठांच्या युरोपीय कायद्यानुसार मार्च २०२४पासून व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या ॲपना मागणी करणाऱ्या दुसऱ्या ॲपसाठी वाट उघडून देणं बंधनकारक आहे. काय काय पलीकडे जाऊ द्यायचं याची यादी कायद्यातच आहे: दोघांमधले लेखी निरोप, चित्रं, आवाजी निरोप, चित्रफिती आणि फाइली आधी, गटांतल्या गप्पा दोन वर्षांत, आवाजी आणि चित्रांसह कॉल चार वर्षांत. मित्र या क्षणी आहे की नाही, हे त्या यादीत नाही.